दोन ताऱ्यांचं प्रजासत्ताक

११ आणि १२ जानेवारी १९५८ च्या मधल्या रात्री दमास्कसहून एक विमान कैरोला निघालं. आत सीरियन लष्कराचे १४ अधिकारी होते आणि त्यांचे म्होरके होते खुद्द सरसेनापती अफीफ अल-बिझरी. राष्ट्राध्यक्ष शुक्री अल-कुवतली यांना याचा पत्ता नव्हता. मंत्रिमंडळाला नव्हता, संसदेला तर नव्हताच. मागे ठेवलेल्या एका अधिकाऱ्याने सकाळी सरकारच्या हाती निवेदन दिलं, तेव्हा कळलं की आपलं सैन्य आपला देश इजिप्तमध्ये विलीन करण्याची बोलणी करायला गेलं आहे.

महिन्या-दीड महिन्यात सीरिया हे स्वतंत्र राष्ट्र उरलं नाही. त्याच्या जागी ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ आलं. इजिप्त हा त्याचा दक्षिण प्रांत, सीरिया हा उत्तर प्रांत. लाल, पांढऱ्या, काळ्या पट्ट्यांच्या झेंड्यावर दोन हिरवे तारे, एकेका प्रांताचा एकेक. दोन्ही प्रांतांची हद्द एकमेकांना कुठेच लागत नव्हती, मध्ये इस्रायल होतं. हे राज्य साडेतीन वर्षं चाललं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला परिच्छेद-दोन परिच्छेद मिळतात आणि त्यात बहुधा एवढंच असतं की अरब ऐक्याचं स्वप्न भंगलं. मला हे सांगणं फार अपुरं वाटतं. ऐक्य मोडलं हे खरं, पण ते चालवण्यासाठी जी राज्ययंत्रणा उभी केली होती ती मोडली नाही. ती दमास्कसमध्ये राहिली, कैरोतही राहिली, आणि पुढची पन्नास वर्षं दोन्हीकडच्या माणसांच्या मानेवर बसली. त्या साडेतीन वर्षांकडे बारकाईने पाहायचं ते एवढ्यासाठी.

शेवटचा फ्रेंच सैनिक सीरियातून गेला एप्रिल १९४६ मध्ये. तीनच वर्षांनी सीरियाच्या राजकारणात लष्कर उतरलं. १९४९ या एका सालात तिथे तीन उठाव झाले. मार्चमध्ये हुस्नी अल-झईम आले, ऑगस्टमध्ये सामी अल-हिन्नावी, डिसेंबरमध्ये अदीब अल-शिशकली. झईम यांना त्यांच्या पंतप्रधानासह गोळ्या घातल्या गेल्या. शिशकली जास्त टिकले, पण फेब्रुवारी १९५४ मध्ये सैन्याने आणि राजकीय पक्षांनी मिळून त्यांना घालवलं. एवढंच वाचलं तर सीरिया म्हणजे नुसता बंडाळीचा देश वाटेल. तो तसा नव्हता. निवडून आलेल्या घटना समितीने १९५० मध्ये देशाला तपशीलवार राज्यघटना दिली होती. सप्टेंबर १९५४ ची निवडणूक ही त्या काळातल्या अरब जगातली सर्वांत मोकळी निवडणूक मानली जाते. जमीनदार आणि व्यापारी घराण्यांचे जुने पक्ष तीत होते, समाजवादी अरब ऐक्याची घोषणा देणारा बाथ पक्ष होता, आणि खुद्द दमास्कसमधून खालिद बकदाश निवडून आले, अरब जगातल्या कुठल्याही संसदेत बसलेले पहिले कम्युनिस्ट. पुढच्या वर्षी याच संसदेने कुवतली यांना राष्ट्राध्यक्ष केलं. ते जुन्या पिढीचे, फ्रेंचांविरुद्ध लढलेले पुढारी. झईम यांनी १९४९ मध्ये पदावरून हाकललं होतं ते त्यांनाच.

म्हणजे संसद होती, वर्तमानपत्रं होती, पक्ष होते. पण छावणीही होती, आणि छावणीतसुद्धा पक्ष होते. बाथवाले अधिकारी वेगळे, कम्युनिस्टांकडे झुकलेले वेगळे, कुणाच्याच नसलेल्यांचे पुन्हा चार गट. एप्रिल १९५५ मध्ये कर्नल अदनान अल-मालकी यांना फुटबॉलच्या सामन्यात, भर मैदानात गोळी घालून मारण्यात आलं. त्या खुनाचा तपास आणि त्यानंतरची धरपकड यांतून एक तरुण अधिकारी वर आला, लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख अब्देल हमीद सर्राज, हमा शहराचा. तोवर त्याची तिशीही उलटली नसेल. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा माणूस पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

बाहेरून दाब होताच. १९५६ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या हल्ल्यातून ते सावरले आणि सगळ्या अरब जगाचे नायक झाले. बांडुंग परिषदेपासून नेहरूंच्या शेजारी त्यांचं छायाचित्र पाहिलेल्या आपल्याकडच्या जुन्या वाचकांनाही हा नासर ओळखीचा आहे. त्या युद्धात सर्राज यांनी सीरियातून जाणाऱ्या इराकी तेलवाहिनीची पंपघरं उडवून दिली. ऑगस्ट १९५७ मध्ये दमास्कसने सरकार उलथवण्याचा अमेरिकी कट पकडल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेच्या तीन मुत्सद्द्यांना देशाबाहेर काढलं. तुर्कस्तानने सीमेवर फौज जमवली. ऑक्टोबरमध्ये नासर यांनी इजिप्तचे सैनिक लताकिया बंदरात उतरवले. संख्येने ते थोडे होते, पण सीरियाच्या रस्त्यांवर त्याचा परिणाम मोठा झाला: संकटात धावून येणारा कुणीतरी आहे.

नोव्हेंबर १९५७ मध्ये अन्वर सादात यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तच्या खासदारांचं शिष्टमंडळ दमास्कसला आलं, संयुक्त बैठक झाली आणि दोन्ही देशांचं संघराज्य व्हावं असा ठराव झाला. संघराज्य हा शब्द इथे लक्षात ठेवला पाहिजे. दोन सरकारं राहतील, दोन संसदा राहतील, परराष्ट्र धोरण आणि संरक्षण एक होईल, एवढंच तेव्हा बोललं जात होतं. जानेवारीत गेलेले अधिकारी मात्र घाईत होते. आपल्यातल्या गटबाजीतून उद्या आपणच एकमेकांवर रणगाडे घालू ही भीती त्यांना होती. बाथ पक्षाला कम्युनिस्टांची भीती होती. कम्युनिस्टांची चाल वेगळी होती, पूर्ण एकीकरण मागायचं, कारण नासर ते कधीच मान्य करणार नाहीत अशी त्यांची अटकळ होती. या सगळ्या भीतींची आणि डावपेचांची बेरीज झाली ती एकीकरणाच्या मागणीत.

नासर सुरुवातीला खरोखरच कचरत होते. अशा एकीकरणाला पाच वर्षांची तरी तयारी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी अटी घातल्या. संघराज्य नको, पूर्ण एकीकरण. सीरियातले सगळे पक्ष विसर्जित. लष्कर राजकारणातून बाहेर. अधिकाऱ्यांनी अटी मान्य केल्या. परराष्ट्रमंत्री सलाह अल-दीन अल-बितार हे बाथच्या संस्थापकांपैकी एक. सरकारने त्यांना काय चाललं आहे ते बघून यायला पाठवलं, आणि तेही तिथे गेल्यावर या बोलण्यात सामील झाले. दमास्कसमध्ये मागे राहिलेल्या मंत्र्यांना बिझरी यांनी सांगितल्याचं म्हणतात की तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, एक मेझेच्या तुरुंगाकडे जातो, दुसरा कैरोला. हे शब्द नेमके तेच होते की नाही हे सोडून द्या. त्या आठवड्यात मंत्र्यांनी नेमका दुसरा रस्ता धरला.

एक फेब्रुवारीला कैरोमध्ये घोषणा झाली. पाच फेब्रुवारीला सीरियाच्या संसदेने ती मान्य केली. आपल्याच विसर्जनावर ही सभा मत देत होती, आणि बकदाश तेवढे त्या सभेला आले नाहीत. आदल्या दिवशीच कुटुंबासह ते देशाबाहेर गेले होते. २१ फेब्रुवारीला दोन्हीकडे सार्वमत झालं आणि दोन्हीकडे होकाराची मतं ९९.९ टक्क्यांच्या वर निघाली.

या आकड्याकडे बघताना एक अन्याय होतो, तो मला टाळायचा आहे. आकडा खोटा वाटतो म्हणून आनंदही खोटा होता असं आपण धरून चालतो. २४ फेब्रुवारीला नासर पूर्वसूचना न देता दमास्कसला उतरले, आणि मग कित्येक दिवस त्या शहरातले रस्ते माणसांनी भरून गेले. खेड्यापाड्यांतून, लेबनॉनमधून माणसं आली. नासर अतिथी महालाच्या सज्जात यायचे, बोलायचे, आत जायचे, गर्दी हटायची नाही म्हणून पुन्हा यायचे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी रेघा ओढून जे प्रदेश वेगळे केले, त्यांतला एक तरी सांधा आपण जोडला, हे त्या गर्दीला मनापासून वाटत होतं. ते समाधान कुणी विकत घेतलेलं नव्हतं.

त्याच सज्जातून पाच मार्चला नासर यांनी एक गोष्ट सांगितली. सौदी अरेबियाच्या राजाने, सौद यांनी, मध्यस्थामार्फत सर्राज यांना पैसे देऊ केले होते. काम एवढंच, एकीकरण उधळायचं आणि नासर यांचा काटा काढायचा. सर्राज हो म्हणाले, त्यांनी चेक घेतले आणि नासर यांच्यापुढे ठेवले. तीन चेक, मिळून १९ लाख पाउंड. गर्दीला ते तपशिलासह सांगितले गेले. याचा धक्का रियाधमध्ये इतका बसला की त्याच महिन्यात सौद यांना सत्तेची सूत्रं धाकटे बंधू फैसल यांच्याकडे द्यावी लागली. इकडे दमास्कसमध्ये सर्राज हे नाव घराघरांत पोचलं. नव्या राज्याचा पहिला मोठा विजय गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने मिळवून दिला होता, आणि त्याची किंमत पुढे सीरियाने मोजली. उत्तर प्रांताचे गृहमंत्री तेच झाले.

त्याच दिवशी, ५ मार्च १९५८ ला, तात्पुरती राज्यघटना जाहीर झाली. ती वाचताना डोळ्यांत भरतं ते तिचं आखूडपण. कायदे करण्यासाठी एक राष्ट्रीय सभा असेल, तिचे सदस्य किती आणि कोण हे राष्ट्राध्यक्ष हुकूम काढून ठरवतील. त्यांतले निदान निम्मे जुन्या दोन संसदांमधले असतील. नागरिकांनी ‘राष्ट्रीय संघ’ नावाची एक संघटना स्थापन करायची, दुसरी कुठली संघटना राजकारणात असणार नाही. इजिप्तमध्ये हे सगळं आधीच रुळलेलं होतं. तिथे जानेवारी १९५३ मध्ये पक्ष बरखास्त झाले, जूनमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक जाहीर झालं, आणि १९५६ च्या घटनेने एकपक्षी राष्ट्राध्यक्षीय पद्धत पक्की केली. एका राज्याची ही पद्धत दुसऱ्या राज्यावर आहे तशी घातली गेली. राष्ट्रीय सभा भरली ती जुलै १९६० मध्ये. ६०० सदस्य, ४०० इजिप्तचे आणि २०० सीरियाचे. मधली सव्वादोन वर्षं देश नुसत्या हुकमांवर चालला.

चार उपराष्ट्राध्यक्ष नेमले होते, दोन इजिप्तचे, दोन सीरियाचे. कुवतली यांना ‘पहिला अरब नागरिक’ हा किताब मिळाला. सत्ता सोपवताना त्यांनी नासर यांना जे ऐकवलं ते वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. मथितार्थ असा, की तुम्हाला मिळालेल्या लोकांतले निम्मे स्वतःला पुढारी समजतात, पाव स्वतःला प्रेषित समजतात, आणि काही तर त्याच्याही वरचे. कुवतली यांनी हे म्हटलं असेल तर त्यांनी आपल्या देशाचा खरा प्रश्न ओळखला होता. अशा लोकांना भांडायला एक सभागृह लागतं. ते सभागृहच बंद केलं होतं.

सप्टेंबर १९५८ मध्ये दोन कायदे लागोपाठ निघाले. क्रमांक १६१ आणि क्रमांक १६२.

कायदा १६१ जमीन सुधारणेचा. सीरियात बागायत जमिनीला ८० हेक्टर आणि जिरायतीला ३०० हेक्टर अशी मालकीची कमाल मर्यादा घातली गेली. वरची जमीन सरकारने घ्यायची आणि कुळांना वाटायची. हमा भागातल्या कुळांसाठी, ज्यांच्या जोरावर बाथचे नेते अक्रम अल-हौरानी यांनी आपलं राजकारण उभं केलं होतं, ही खरी क्रांती होती. तिला मी कमी लेखणार नाही. फक्त तिची मापं नाईलकाठी ठरली होती. इजिप्तमध्ये शेती म्हणजे नदी आणि कालवा, पाऊस नाहीच. सीरियाची बरीचशी शेती पावसावर आणि उत्तर-पूर्वेकडची तर नव्यानेच ट्रॅक्टरखाली आलेली. कायदा आला आणि पाठोपाठ १९५८ ते १९६१ सलग दुष्काळ पडला. गहू निर्यात करणारा देश धान्य आयात करू लागला. मेंढपाळांचे कळप गेले. ज्याच्याकडून जमीन काढून घ्यायची तो जमीनदार पूर्वी बियाणं आणि उचल तरी द्यायचा. ते देणारी सरकारी सोसायटी अजून उभी राहिली नव्हती.

कायदा १६२ आणीबाणीचा. सुरक्षेला धोका आहे असं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की माणसाला अटक करता येईल, झडती घेता येईल, पत्रं आणि वर्तमानपत्रं तपासता आणि रोखता येतील, खास न्यायालयं नेमता येतील. तो संपूर्ण प्रजासत्ताकाला, म्हणजे दोन्ही प्रांतांना, लागू होता. आधीचा क्रमांक जमीन देणारा, पुढचा क्रमांक तोंड बंद करणारा. या दोघांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्याच वर्षीचा ९३ क्रमांकाचा कायदा संस्था-संघटनांचा: मंडळ काढायचं तर सरकारची नोंदणी, सरकारची परवानगी, सरकारची देखरेख. तोही ध्यानात ठेवावा.

डिसेंबर १९५८ मध्ये पोर्ट सैदच्या भाषणात नासर यांनी कम्युनिस्टांवर तोफ डागली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दोन्ही प्रांतांत धरपकड सुरू झाली. जून १९५९ मध्ये लेबनॉनचे कम्युनिस्ट नेते फरजल्ला अल-हेलू गुप्तपणे दमास्कसला आले असताना पकडले गेले. छळात ते कोठडीतच मेले. सर्राज यांच्या माणसांनी प्रेताची विल्हेवाट ॲसिडमध्ये लावली. सरकार तर असा कुणी माणूस पकडल्याचंच नाकारत राहिलं. सीरियात याआधी उठाव झाले होते, खून झाले होते, मृत्युदंड झाले होते. पण पकडलेल्या माणसाचा कागदही नाही आणि देहही नाही, हे राज्याचं काम म्हणून होणं नवीन होतं. पुढच्या दशकांत सीरियाच्या हजारो कुटुंबांनी हेच अनुभवलं. त्याची सुरुवात अरब ऐक्याच्या झेंड्याखाली झाली, हे लिहिताना त्या गर्दीतल्या माणसांविषयी वाईट वाटतं.

ज्यांनी हे राज्य मागून आणलं ते एकेक करून बाजूला पडत गेले. बिझरी यांना मार्च १९५८ मध्येच सरसेनापतिपदावरून जावं लागलं. बाथने नासर यांच्या अटीनुसार आपला पक्ष विसर्जित केला होता, या हिशेबाने की राष्ट्रीय संघाचा सीरियातला कारभार आपल्याच हाती येईल. जुलै १९५९ मध्ये त्या संघाच्या स्थानिक समित्यांची निवडणूक झाली. साडेनऊ हजारांच्या आसपास जागा होत्या, बाथच्या माणसांना मिळाल्या अडीचशेच्या घरात. डिसेंबरमध्ये हौरानी, बितार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. नासर यांनी ते स्वीकारले. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये सर्वाधिकार देऊन आपले जिवलग मित्र फील्ड मार्शल अब्देल हकीम आमेर यांना त्यांनी दमास्कसला पाठवलं होतं. उत्तर प्रांतात आता दोन सत्तास्थानं झाली, आमेर यांचं कार्यालय आणि सर्राज यांचं खातं. दोघांचं पटलं नाही.

जुलै १९६१ मध्ये नासर यांनी राष्ट्रीयीकरणाचे हुकूम काढले. बँका, विमा कंपन्या, मोठे उद्योग सरकारच्या ताब्यात गेले. सीरियात त्यांतली सर्वांत गाजलेली गोष्ट ‘खुमासिय्या’ या दमास्कसच्या कापड कंपनीची. पाच व्यापाऱ्यांनी मिळून उभी केलेली ही गिरणी त्या शहराच्या उद्यमशीलतेचं प्रतीकच होती. इजिप्तमध्ये राष्ट्रीयीकरणाचा फटका मुख्यतः परदेशी आणि बड्या धनिकांना बसला. दमास्कस-अलेप्पोत तो बाजारपेठेतल्या ओळखीच्या घरांना बसला, आणि या घरांची मुलं-पुतणे सैन्यातही होते. ऑगस्टमध्ये प्रांतांची मंत्रिमंडळं रद्द होऊन सगळं सरकार कैरोत गेलं. सर्राज यांनाही उपराष्ट्राध्यक्ष करून कैरोला नेलं. त्यांनी ओळखलं की हा मान म्हणजे हकालपट्टी. २६ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. ज्या एका माणसाच्या खबऱ्यांमुळे दमास्कसमध्ये कट शिजणं अशक्य झालं होतं तो माणूस खुर्चीवर नव्हता.

दोनच दिवसांनी, २८ सप्टेंबर १९६१ च्या पहाटे, रणगाडे दमास्कसमध्ये शिरले. उठावाचे सूत्रधार होते लेफ्टनंट कर्नल अब्देल करीम अल-नहलावी, स्वतः आमेर यांच्या कार्यालयाचे प्रमुख. अधिकाऱ्यांच्या बदल्यांचे कागद त्यांच्याच टेबलावरून जात होते, त्यामुळे कुठल्या तुकडीवर कोण हवं हे त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. रेडिओवरून एकामागोमाग एक निवेदनं सुरू झाली. आमेर लष्करी मुख्यालयात अडकले होते, वाटाघाटी करत होते. उठाववाल्यांच्या मागण्या काय होत्या? सीरियन अधिकाऱ्यांना मान द्या, इजिप्शियन अधिकाऱ्यांची दादागिरी थांबवा, राष्ट्रीयीकरण आवरा. वेगळं व्हायचं असं त्यांतल्या सगळ्यांनी ठरवलेलं नव्हतं. दुपारी निवेदन क्रमांक ९ आलं: फील्ड मार्शल आमेर यांनी सैन्याच्या तक्रारी ऐकून घेतल्या आहेत, तोडगा निघाला आहे, सैन्य आपापल्या जागी परत जात आहे. रस्त्यांवर माणसं नासर यांच्या नावाने घोषणा देऊ लागली. मग संध्याकाळी निवेदन क्रमांक १० आलं आणि त्याने नववं रद्द केलं. आमेर यांना विमानात बसवून कैरोला पाठवून दिलं.

नऊ आणि दहा या दोन निवेदनांच्या मधल्या तासांत मला या राज्याचं सारं दुखणं दिसतं. तक्रार घेऊन जायला जागाच नसल्याने ती रणगाड्यावर बसून आली. आणि तडजोड मान्य करायचा अधिकार दमास्कसमध्ये कुणाला नव्हता, तो कैरोत होता. नासर यांनी त्याच दिवशी रेडिओवरून जाहीर केलं की घासाघीस करणार नाही. त्यांनी छत्रीधारी सैनिक लताकियाकडे पाठवले, काही उतरलेही, मग अरबांनी अरबांवर गोळी झाडू नये म्हणून त्यांनी पुढची मोहीम थांबवली. या थांबण्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. १३ ऑक्टोबरला सीरिया पुन्हा संयुक्त राष्ट्रांत बसला, नव्या नावाने: सीरियन अरब प्रजासत्ताक. इजिप्तने मात्र संयुक्त अरब प्रजासत्ताक हे नाव १९७१ पर्यंत सोडलं नाही.

फुटून निघालेल्या सीरियाने डिसेंबरमध्ये निवडणूक घेतली. पक्ष परतले, वर्तमानपत्रं परतली, नाझिम अल-कुदसी राष्ट्राध्यक्ष झाले. फुटीच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत हौरानी होते आणि बितारही होते. बितार यांनी पुढे सही मागे घेतली. नव्या सरकारने पहिला हात कायदा १६१ ला घातला. जमिनीच्या मर्यादा सैल केल्या, जमीनदारांना सवलती दिल्या. राष्ट्रीयीकरण बरंचसं मागे घेतलं. कायदा १६२ मात्र? तोही त्यांनी रद्द केला, आणि २२ डिसेंबर १९६२ ला त्याच्या जागी आपला स्वतःचा आणीबाणीचा हुकूम आणला, क्रमांक ५१. संसदीय राजवटीने, निवडून आलेल्या माणसांनी, सुएझच्या पलीकडून आलेली वस्तू स्वदेशी करून घेतली. अडीच महिन्यांनी, ८ मार्च १९६३ ला, बाथवाल्या आणि नासरवादी अधिकाऱ्यांनी हे सरकार उलथलं आणि त्याच दिवशी आणीबाणी जाहीर केली. ती एप्रिल २०११ पर्यंत उठली नाही. ९३ क्रमांकाचा संस्थांचा कायदाही सीरियात दशकानुदशकं तसाच चालू राहिला. इजिप्तमध्ये १६२ हाच क्रमांक कायम राहिला. १९६७ च्या युद्धापासून मधली दीड वर्षं सोडली तर मे २०१२ पर्यंत त्या कायद्याखाली आणीबाणी होती.

ते १९६३ चे अधिकारी कोण? सीरियन अधिकाऱ्यांना राजकारणापासून दूर ठेवायचं म्हणून अनेकांच्या बदल्या इजिप्तला झाल्या होत्या. तिथे रिकामपणात, पक्ष विसर्जित केल्याच्या रागात, बाथच्या पाच तरुण अधिकाऱ्यांनी एक गुप्त ‘लष्करी समिती’ स्थापन केली: मुहम्मद उमरान, सलाह जदीद, अब्देल करीम अल-जुंदी, अहमद अल-मीर आणि हवाई दलातला एक वैमानिक, हाफिज अल-असद. नागरी नेत्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, कारण त्या नेत्यांनी पक्ष दुसऱ्याच्या शब्दावर बुडवला होता. एकपक्षी राज्य कसं चालतं, सार्वमत कसं घेतलं जातं, संसद नेमायची कशी, हे त्यांनी कैरोत डोळ्यांदेखत पाहिलं. असद नोव्हेंबर १९७० मध्ये सर्वेसर्वा झाले. १९७१ ची त्यांची पहिली लोकसभा नेमलेली होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी एकच नाव आणि सार्वमत. १९७३ च्या घटनेच्या आठव्या कलमाने बाथ हाच राज्याचा आणि समाजाचा नेता ठरला. १० जून २००० ला असद वारले, त्याच दिवशी लोकसभेने घटनेतली राष्ट्राध्यक्षाची किमान वयोमर्यादा ४० वरून ३४ केली, कारण त्यांचे पुत्र बशर ३४ वर्षांचे होते. दोन ताऱ्यांचा तोच झेंडा १९८० पासून पुन्हा सीरियाचा झाला होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये बशर पळून जाईपर्यंत राहिला.

लष्करी समितीतल्या जुंदी यांनी १९६९ मध्ये आत्महत्या केली. उमरान यांचा १९७२ मध्ये लेबनॉनच्या त्रिपोलीत खून झाला. जदीद यांना असद यांनी १९७० मध्ये मेझेच्या तुरुंगात टाकलं आणि २३ वर्षांनी ते तिथून मेल्यावरच बाहेर आले. बितार यांना १९८० मध्ये पॅरिसमध्ये गोळी घालण्यात आली. हौरानी परागंदा अवस्थेत १९९६ मध्ये अम्मानला वारले. कुवतली १९६७ च्या जूनमध्ये बैरूतला वारले. सर्राज यांना फुटीनंतर मेझेतच ठेवलं होतं. मे १९६२ मध्ये ते तिथून निसटले, लेबनॉनमार्गे कैरोला पोचले, नासर यांनी त्यांना आश्रय दिला. हेलू यांच्या मृत्यूविषयी सर्राज यांना कुठल्याही न्यायालयात उत्तर द्यावं लागलं नाही. ते सप्टेंबर २०१३ मध्ये कैरोतच वारले.